निवांत दोन दिवस आणि आत्याचा गोळ्यांचा डबा

दवाखान्यात एका पेशंटला मला फार तर दहा मिनिटं देता येतात. तेवढा वेळ कोणीही ताठ बसून 'बरं आहे डॉक्टर' म्हणू शकतो. गावाकडच्या म्हाताऱ्या नातेवाइकांचं तर तुम्हाला माहीतच आहे. फोनवर आपण विचारतो, "गोळ्या चालू आहेत ना?" "हो." संपलं.

म्हणून दोन दिवस, काहीही न ठरवता, नातेवाइकांकडे राहायला जा असं मी पेशंटना सांगतो. मला स्वतःला ते आवडतं, हेही एक कारण.

यंदा जानेवारीत आम्ही सगळे वाईला आत्याकडे जमलो. लहानमोठी धरून सोळा माणसं. माजघरात गाद्या अंथरलेल्या, एका कोपऱ्यात मेंढीकोट, दुसरीकडे परातभर मटार सोलणं चाललेलं. सोलण्यापेक्षा खाणंच जास्त. दुपारी तीनला जेवणं आणि मग लगेच चहा. पथ्यपाण्याबद्दल मी तोंड उघडायचं नाही, असं भाचरांनी आधीच बजावलं होतं.

मटार सोलता सोलता आत्या तीनदा उठली. तिन्ही वेळा भिंतीला हात लावून क्षणभर थांबली, मग चालली. दारातल्या तिच्या चपलांचे पट्टे पार शेवटच्या भोकात होते. पाय पाहिले तर घोट्यांवर सूज. बोटाने दाबलं की खळगा पडत होता.

"वय झालं रे आता," ती म्हणाली. ढोल्या गणपतीला रोज जाणारी बाई दिवाळीपासून घाटावर गेली नव्हती. चक्कर येते, पडले तर कोण उचलणार, म्हणून.

मी तिचा गोळ्यांचा डबा मागितला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात रक्तदाबाच्या दोन स्ट्रिप्स निघाल्या, रंग वेगळे, नावं वेगळी. मागची बारीक अक्षरं उजेडात धरून वाचली. दोन्हींत एकच औषध, अ‍ॅम्लोडिपीन, ५ मिलिग्रॅम. एक तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेली. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नव्हती. आत्या दोन्ही गोळ्या अगदी न चुकता घेत होती.

दिवसाला १० मिलिग्रॅम हा डोस काही पेशंटना लागतोही. तिला लागत नव्हता. या औषधाने पायांवर सूज येऊ शकते आणि डोस वाढला की तिची शक्यताही वाढते. बसून तिचा रक्तदाब ११८/७० भरला, उभं केल्यावर ९६/६०. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो उतार लक्ष देण्याजोगा असतो. उतारवयात असे लोक पडतात, खुब्याचं हाड मोडतं आणि घरच्यांना वाटतं, पाय घसरला असेल.

तिच्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन केला. माणूस समजूतदार, रविवार असूनही बोलले. एक स्ट्रिप बंद झाली. रोजचे आकडे लिहायला नातीला वही दिली. सूज ओसरायला दोन-तीन आठवडे गेले. आता चपलेचा पट्टा दोन भोकं आत आला आहे आणि घाटावर जाणं सुरू आहे, अर्थात नातीला सोबत घेऊन.

हे वाचून घरी कोणाची गोळी परस्पर बंद करू नका. पायांवरची सूज हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्या आजारातही येते आणि रक्तदाबाची गोळी अचानक सोडणं धोक्याचं ठरू शकतं. तपासणीचा आव आणूनही जाऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी डबा लपवला जाईल. पत्ते खेळा, मटार सोला. माणूस जमिनीवरून कसा उठतो, जिन्यावर कुठे थांबतो, ताटात काय टाकतो, तेच वाक्य किती वेळा विचारतो, हे आपोआप दिसतं. निघताना गोळ्यांचा डबा तेवढा मागून घ्या आणि प्रत्येक स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. डॉक्टरांकडे जाताना यादी नको, डबाच घेऊन जा. डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक चूर्णं, शेजारणीने दिलेली गुडघ्यांची गोळी, सगळं त्यात असू द्या.