तंतूतील औषध

तिवसा येथे आमच्या वडिलांच्या पायास जखम झाली होती. औषध लावून पट्टी बांधण्याचे काम आमच्याकडे असे. एके सायंकाळी उत्तरपत्रिकांच्या गडबडीत ते राहून गेले; वडील रात्रभर निमूटपणे सोसत राहिले.

१९३४ साली फॉर्महाल्स नामक संशोधकाने विजेच्या ओढीने द्रावणापासून तंतू काढण्याच्या रीतीचे अमेरिकेत पेटंट मिळविले. आज त्याच तत्त्वावर, पॉलिमरच्या द्रावणात औषध मिसळून, केसाच्या शतांशाहूनही बारीक तंतू काढितात. आपल्या वऱ्हाडी कापसाचा तंतू त्यापुढे जाडच म्हणावा. हा तंतू जसजसा झिजतो, तसतसे औषध थोडेथोडे पाझरते.

विद्यार्थ्यांनो, जेथे आमचे स्मरण चुकले, तेथे हा तंतू सहसा चुकणार नाही. रुग्णाच्या उशाशी मात्र आपणांसच बसावे लागेल.