किल्लारीच्या वाटेवर, तीस वर्षांनंतर

लातूरहून औशाच्या दिशेने निघाले, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी माती सुरू होते. सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीन पिवळे पडू लागलेले असते आणि तूर कमरेएवढी झालेली असते. औसा, लामजना आणि मग किल्लारी. अंतर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे. माझे माहेर लातुरात. तरीही हा रस्ता मी तीस वर्षे टाळला. उमरग्याला लग्नकार्य निघाले, तर निलंग्यावरून वळसा घेऊन जात असे. कुणी कारण विचारले, तर रस्ता खराब आहे असे सांगत असे. 2023 च्या सप्टेंबरात मात्र मी गाडी औशाकडे वळवली.

1993 साली मी आंतरवासिता करीत होते. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जित करून गावे उशिरा झोपली आणि 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. जगात याहून मोठे भूकंप अनेक झाले. पण इथे जीव घेतला तो घरांनी. हात-दीड हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. पावसात गळू नये म्हणून त्या माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेलेले. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छत झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली.

त्या दिवशी आमची तुकडी एका गावाच्या वेशीबाहेर, ताडपत्रीखाली काम करीत होती. दुपारनंतर आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला खाटेवर घालून आणले. त्याचा एक पाय भिंतीखाली जवळजवळ दहा तास अडकला होता. रक्तस्राव फारसा नव्हता, नाडी चांगली होती. तो बोलत होता, पाणी मागत होता. आईने विचारले, "बाई, वाचंल न्हवं लेकरू?" मी म्हणाले, "काही होत नाही, घाबरू नका." पायाला फळी बांधली आणि त्याला नंतरच्या ट्रकने पाठवायच्या रुग्णांत ठेवले. संध्याकाळी पाऊस आला, ट्रक चिखलात अडकला. रात्री आठच्या सुमारास ते मूल अचानक गेले.

कारण मला आठवड्याभराने उमगले, तेही स्वतःच्याच पाठ्यपुस्तकातून. स्नायू दीर्घकाळ चिरडले गेले आणि मग दाब एकाएकी निघाला, की स्नायूंतील पोटॅशियम व मायोग्लोबिन रक्तात उतरते. पोटॅशियममुळे हृदय थांबू शकते, मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दुसऱ्या महायुद्धातील लंडनवरच्या बॉम्बवर्षावानंतर, 1941 मध्ये, बायवॉटर्स आणि बील यांनी या विकाराचे वर्णन केले होते. अशा रुग्णाला शक्य तर ढिगाऱ्याखाली असतानाच शिरेतून सलाईन सुरू करावे लागते. ते पान मी परीक्षेसाठी वाचलेले होते. त्या दुपारी ते मला आठवले नाही.

पुढे मी दवाखाना थाटला, संसार झाला, मुले मोठी झाली. बाहेरून सारे सुरळीत होते. पण गणपती उठले, की माझी झोप उडे. पहाटे चारला दचकून जाग येई, छातीत धडधडे. तपासण्या करून घेतल्या. हृदय, थायरॉइड, सारे निर्दोष निघाले. वैद्यकात याला स्मृतिदिनाच्या आसपास उफाळणारी प्रतिक्रिया म्हणून ओळखतात. मन तारीख विसरल्याचे भासवते. शरीर ती विसरत नाही. रुग्णांना हे समजावून सांगणारी मी, स्वतःच्या बाबतीत मात्र रस्ता बदलत राहिले.

नवी किल्लारी प्रथम लागते. रुंद, सरळ रस्ते, आखीव ओळींत घरे. भूकंपानंतर बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेले ते प्रचंड काम होते. घरे भक्कम मिळाली, पण जुनी गल्ली, पाराभोवतीची दाटी आणि भिंतीला भिंत लागून असलेला शेजार मागेच राहिला. तिथून मी जुन्या गावठाणाकडे गेले. गवताने झाकलेले उंचवटे, मधूनच डोकावणारे घडीव दगड, बाभळी. तेथील स्मारकापाशी थांबून पुढे निघाले, तो एका लहानशा लिंबाला घागरीने पाणी घालणारे आजोबा दिसले. ते झाड त्यांच्या जुन्या घराच्या अंगणात होते. त्या रात्री ते शेतात राखणीला गेले होते, म्हणून वाचले. घरात पत्नी आणि दोन मुले होती.

का कोण जाणे, मी त्यांना ती गोष्ट सांगितली. पतीलाही कधी पूर्ण सांगितली नव्हती. त्यांनी मध्ये एक शब्दही काढला नाही. मग म्हणाले, "ताई, मलाबी लई वर्सं वाटायचं, मी घरी असतो तर एखादं तरी लेकरू वडून काढलं असतं. आता तसं म्हनत न्हाई. सकाळी हितं येतो, पानी घालतो, त्यांची याद काढतो. मंग शेताकडं जातो. दिसभर हितंच बसलो, तर सोयाबीन कोन काढंल?"

त्यांनी मला क्षमा केली नाही. तो अधिकार त्यांचा नव्हता आणि त्यांनी तसे भासवलेही नाही. त्यांनी फक्त आठवणीसाठी एक जागा आणि एक वेळ ठरवली होती. मी तीस वर्षे नेमके उलटे केले होते. आठवणीला जागा नाकारली, म्हणून ती कुठेही, कधीही येत राहिली.

त्या रात्री माहेरी येऊन मी एक केसपेपर लिहिला. रुग्ण तो मुलगा. डॉक्टर, वय वर्षे तेवीस. काय दिसले, काय केले, काय राहिले. सलाईन सुरू करायला हवे होते. ती माझी चूक. पाऊस, ट्रक, जवळपास डायलिसिस नसणे, हे माझ्या हातात नव्हते. सलाईन दिले असते तर तो वाचला असता का, या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. हे तिन्ही वेगवेगळे लिहिल्यावर दिसले, की इतकी वर्षे मी सारे एकाच शीर्षकाखाली, 'माझा दोष' म्हणून, नोंदवत आले होते.

वाचकहो, भूतकाळाशी समेट म्हणजे चूक पुसणे नव्हे आणि विसरणे तर नव्हेच. जे आपले होते ते आपले म्हणावे, जे नव्हते ते खाली ठेवावे, आणि एखाद्या विश्वासू माणसाला ते पूर्ण सांगावे. शक्य असेल तर त्या जागी एकदा जाऊनही यावे. मात्र मनाची तयारी असेल तेव्हाच, आणि सोबत घेऊन. झोप, भूक किंवा रोजची कामे दीर्घकाळ बिघडली असतील, प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा उभा राहत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. 'टेलि-मानस'च्या 14416 या शासकीय क्रमांकावर मोफत बोलता येते.

गेल्या वर्षी 30 सप्टेंबरला मला पहाटे पुन्हा जाग आली. उठले, देवापाशी त्या मुलासाठी एक निरांजन लावले, थोडा वेळ बसले. नऊ वाजता दवाखाना उघडला. पहिलाच रुग्ण सायकलवरून पडलेला एक मुलगा होता. त्याचा पाय मी नीट, सावकाश तपासला. हात थरथरले नाहीत.