मुक्या कळा

लिहिण्याला आवाज असावा की नसावा, हा प्रश्न जुन्या लेखकांना फारसा पडला नसावा. बोरू कुरकुरे, टाक दौतीच्या काठाला लागून किणकिणे. पण तेवढ्याने शेजारच्या खोलीतले माणूस जागे झाले, असे काही ऐकिवात नाही. टंकलेखन यंत्र आले आणि लेखन चार घरांना ऐकू जाऊ लागले. गोदरेजने आपले यंत्र १९५५ साली बाजारात आणले आणि २००९ साली ते बनविणे थांबविले. मधल्या चोपन्न वर्षांत किती कचेऱ्यांपुढे, किती वडापिंपळांखाली ते खडखडत राहिले असेल! आता संगणक आला. तरी खडखडाट काही गेला नाही. उलट हल्ली माणसे तो निवडून, पारखून, पैसे मोजून घेतात. मी मात्र बाजारात गेले ती तो टाळण्यासाठी.

आमचे घर दोन खोल्यांचे. मधली भिंत म्हणायची एवढेच. खरे तर ती फळ्यांची आडभिंत. पलीकडे माझे सासरे, अण्णा, निजतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणे जड झाले आणि झोप काचेच्या भांड्यासारखी झाली. झोप जपा, असे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावले आहे. इकडे मला लिहायला सापडते ते रात्री अकरानंतर. सकाळी बालवाडीतली पस्तीस मुले, संध्याकाळी स्वयंपाकघर. कादंबरीच्या वाट्याला हे दोनच तास. तेव्हा त्यांची झोप की माझे दोन तास, असा तो सरळ हिशेब होता.

त्यातून अण्णा काही साधे श्रोते नव्हेत! मामलेदार कचेरीबाहेर बसून त्यांनी तीस वर्षे लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाईप केली आहेत. एके दिवशी सकाळी चहाचा कप हाती घेत ते म्हणाले, "सूनबाई, काल शेवटच्या वाक्याला सात वेळा मागं गेलीस."

"तुम्हांला कसं कळलं, अण्णा?"

"ती कळ लांब आहे. तिचा आवाज निराळा."

त्यांचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. मागे जाण्याची, ओळ बदलण्याची आणि शब्दांत जागा सोडण्याची, या कळा रुंद असतात. एका बाजूला दाबल्या तर कलंडू नयेत म्हणून त्यांच्याखाली तारेचा आधार असतो आणि ती तार खुळखुळते. जाणत्या कानाला अंधारातही सगळे वाचता येते.

अण्णांच्या बोलण्यात राग नव्हता, कौतुकच होते. पण त्या दिवसापासून माझा हात अवघडला. कच्चे लिखाण कुणी पाहू नये म्हणून वही मिटता येते. आवाज कसा मिटायचा? शब्द जमला नाही हे दिसत असूनही तो तसाच ठेवावासा वाटे, कारण खोडला तर पलीकडे मोजला जाणार. शिवाय माझ्या कादंबरीत एक वृद्ध गृहस्थ आहेत. ते थोडेसे, म्हणजे अगदी थोडेसेच, अण्णांसारखे आहेत. त्यांचा प्रसंग आला की मी दिवा मालवून उठत असे.

माझ्याजवळचा कीबोर्ड भाच्याने दिलेला होता. त्याचे खेळणे संपले आणि यंत्र माझ्याकडे आले. त्यात निळे स्विच होते. यांत्रिक कीबोर्डात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो, म्हणजे एक दांडी, एक स्प्रिंग आणि धातूची पाती. स्विचची जात दांडीच्या रंगावरून ओळखायची, ही रीत चेरी नावाच्या जर्मन कंपनीने पाडली आणि इतरांनी उचलली. निळ्यात खटका बोटाला लागतो आणि शिवाय 'टिक्' असा मुद्दाम वाजविलेला आवाज होतो. तपकिरी स्विचात बोटाला बारीक उंचवटा लागतो, पण ती टिकटिक नाही. तांबडा नुसता सरळ खाली जातो. तपकिरी स्विच शांत असतो, असे विकणारे सांगतात. निळ्याहून शांत असतो, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? रबराच्या चादरीचा स्वस्त कीबोर्ड घ्यावा, तो शांतच असतो. खरे आहे. नुसती शांतताच हवी असेल तर त्याहून अधिक खर्च करू नये, असेच मीही सांगेन. पण मॅट्रिक झाल्यावर माझे शिक्षण थांबले, तेव्हा मी टायपिंगच्या क्लासला जाऊन मराठी तीसची परीक्षा दिली. माझी बोटे टाईपरायटरवर घडलेली. त्या रबरावर कळ लागली की नाही हे तळ गाठेपर्यंत समजत नाही आणि तासाभरात मनगटे भरून येतात. मराठीला तर कळा फार लागतात. संगणकावरच्या इनस्क्रिप्ट पद्धतीत अक्षरे सुटी सुटी दाबीत गेले तर 'स्वातंत्र्य' या एका शब्दाला अकरा कळा होतात, त्यांत तीन नुसते पाय मोडण्यासाठी! एवढे अकरा वेळा विचारावे आणि यंत्राने एकदाही हुंकार देऊ नये, हे मला सोसत नाही.

म्हणजे हाताला कळावे, पण फळीपलीकडे कळू नये, असे काहीतरी हवे होते.

पुण्याला तपकीर गल्लीत गेले. दुकानातला मुलगा विशीचा. "काकू, मुलगा कुठले गेम खेळतो?" त्याने विचारले. "मुलगा नाही, मीच. कादंबरी लिहिते," असे म्हटल्यावर त्याने एकवार माझ्या भाजीच्या पिशवीकडे पाहिले आणि मग मनापासून समजावून सांगू लागला. आवाज खटक्यापेक्षा आपटण्याचा जास्त असतो, हे मला त्याच्याकडून समजले. कळ तळाला आपटते तेव्हा एकदा आणि सुटून वर जाऊन आदळते तेव्हा दुसऱ्यांदा. अक्षर उमटते ते सुमारे दोन मिलिमीटरवर, निम्म्या वाटेतच. पण टाईपरायटरची सवय असलेला हात तळ गाठल्याशिवाय राहत नाही. कळीच्या टोपीत रबराची कडी घालतात, तिने खालचा आवाज कमी होतो, वरचा तसाच राहतो. मुक्या स्विचात मात्र दांडीलाच वर आणि खाली रबराच्या गाद्या असतात.

पण दुकानात ऐकू काय येणार? बाहेर रिक्षा, हातगाड्या, वर पंखा घरघरतो आहे. तिथे निळा स्विचदेखील साधू वाटला. अखेर अनामत ठेवून एका पट्टीवर बसविलेले सहा नमुन्याचे स्विच मी दोन दिवसांसाठी घरी आणले.

त्या रात्री साडेअकराला मी ह्यांना टेबलाशी बसविले आणि हातात ती पट्टी दिली. "मी खाकरले की पुढची कळ दाबा," असे सांगून मी अण्णांच्या खाटेशी जाऊन उभी राहिले. अण्णांना डोळा लागला होता. त्यांच्या उशाशी उभी राहून मी प्रथमच माझे टेबल ऐकले. निळा स्विच वाजला तसा अण्णांचा डावा हात पांघरुणावर हलला. मी तो खेळ तिथेच थांबविला आणि पुढे फक्त मुके स्विच दाबायला सांगितले. त्यांतही एक गोष्ट आढळली: पट्टी टेबलावर ठेवली की स्विचपेक्षा टेबलच बोले, आणि ते फळीला टेकलेले होते. टेबल वीतभर पुढे ओढले, पट्टीखाली गोधडीची चौपदरी घडी घातली, तेव्हा कुठे पलीकडे जवळजवळ काही येईना. गोधडीला पैसे पडले नाहीत. पण मला विचाराल तर निम्मे काम तिने केले.

उरले दोन. मुका तांबडा आणि उंचवट्याचा मुका. तांबड्याला लहानशा लिंबाएवढा, पंचेचाळीस ग्रॅमांच्या आसपास भार पुरतो. पण बोट ओल्या मातीत रुतल्यासारखे वाटे. दुसऱ्यात निम्म्या वाटेवर ठेच लागावी तसा उंचवटा लागतो आणि आवाज होतो तो पावलात मोजे घालून कुणी चालल्याइतका. तोच घेतला. माझे महिन्याचे निम्मे मानधन गेले. ह्यांनी किंमत विचारली नाही, हे त्यांचे मोठेपण. रुंद कळांच्या तारांना दाट ग्रीस लावायचे असते. शिलाई मशीनचे पातळ तेल चालत नाही, हे मुलाने बजावले होते. तीन कळा काढून, टूथपिकने ग्रीस भरून एक रविवार त्यात घालविला. मागे जाण्याची कळ आता खुळखुळत नाही.

चौथ्या दिवशी अण्णांनी विचारले, "लिखाण बंद पडलं का?"

"नाही, अण्णा. रोज चालू आहे."

त्यांचा विश्वास बसेना. मी कीबोर्ड उचलून खाटेवर त्यांच्या मांडीवर ठेवला आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळविला. त्यांनी डावा हात मधल्या ओळीवर नेमका ठेवला. इतक्या वर्षांनी बोटे आपापल्या जागी गेली. एकेक कळ त्यांनी सावकाश दाबली. पडद्यावर ओकार, एकार, पाय मोडल्याची खूण आणि वेलांटी उमटली, प्रत्येकीशेजारी ठिपक्यांचे पोकळ वर्तुळ. इनस्क्रिप्टमध्ये कानामात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे.

"अक्षरं कुठायत?" अण्णांनी विचारले.

"ती आता उजव्या हाताला असतात."

ते थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग डावाच हात त्यांनी कीबोर्डावरून पलीकडे नेला. मी त्यांचे बोट 'क'वर टेकविले. कळ खाली गेली. मला काही ऐकू आले नाही.

"हं," अण्णा म्हणाले, "लागला." आणि पुढची कळ चाचपू लागले.