पाचांचं तिकीट, सहावी मी

परदेशात एक सेमेस्टर म्हटलं, की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पाठीवर सॅक, गळ्यात कॅमेरा, दर शनिवारी नवं शहर आणि सोमवारी फेसबुकवर नवा अल्बम. बरोबर ना? माझ्याही डोळ्यांसमोर हेच होतं. २०१८च्या एप्रिलमध्ये मी जर्मनीतल्या लाइपझिगला उतरले, तेव्हा बॅगेत आईनं दिलेलं मेतकूट होतं, दोन किलो भाजणी होती आणि वहीत फिरायच्या गावांची यादी होती. वाचायच्या पुस्तकांची यादी नव्हती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

खरं तर मास कॉमच्या विद्यार्थ्यासाठी लाइपझिग म्हणजे लॉटरीच. १६५० साली जगातलं पहिलं दैनिक निघालं ते याच शहरात. जर्मनीतली वृत्तपत्रविद्येची पहिली विद्यापीठीय संस्था १९१६ साली सुरू झाली, तीही इथंच. पण मला वेध होते शुक्रवारचे. कारण आमच्याकडे एक जादूचं तिकीट होतं.

त्याचं नाव ‘श्योनेस वोखनएन्डे’, म्हणजे ‘सुंदर वीकेंड’. शनिवारी किंवा रविवारी, एका दिवसासाठी, जास्तीत जास्त पाच जणांनी मिळून काढायचं आणि रिजनल गाड्यांनी देशभर कुठंही फिरायचं. झुकझुक गाडी, दर दहा मिनिटांनी स्टेशन, तीन ठिकाणी गाडी बदलायची, पण पाचांत खर्च वाटला की अगदी वडापावच्या भावात प्रवास! आमच्या होस्टेलमध्ये भारतीयांचा एक ग्रुप होता. हैदराबादचे दोघं, दिल्लीची एक, कोचीचा एक आणि मी. बरोब्बर पाच. सहा आठवड्यांत आम्ही ड्रेस्डेन, माइसेन, बर्लिन, पॉट्सडॅम, माग्डेबुर्ग आणि एर्फुर्ट उरकलं. हो, ‘उरकलं’च. सकाळी उतरायचं, चर्चसमोर फोटो, नदीवर फोटो, पुलावर उडी मारताना फोटो, डब्यातले पराठे, परतीची गाडी. घरी अल्बम जायचा. साताऱ्याहून आईचा मेसेज यायचा, ‘मज्जा आहे बाई तुझी!’

मज्जा होती का? लेक्चर्समधलं निम्मं जर्मन माझ्या डोक्यावरून जायचं. पहिल्या पेपरवर प्राध्यापकांनी एवढंच लिहून दिलं होतं, की यात माहिती भरपूर आहे, पण तुम्ही स्वतः काय पाहिलं ते कुठंच नाही. सोमवार ते गुरुवार मी कुणाशी धड पाच वाक्यं बोलत नव्हते. रविवारी गावात थांबायचं म्हटलं तर दुकानं बंद, रस्ते सुनसान. आपल्याकडे रविवार म्हणजे केवढा गलका असतो! तिथली ती शांतता मला अंगावर यायची. म्हणून मी पळायचे. पण हे घरी कसं सांगणार? बाबांनी माझ्यासाठी एफडी मोडली होती. मोडलेल्या एफडीचा हिशेब मी हसऱ्या फोटोंनी देत होते.

आणि मग मे महिन्यात ग्रुपमध्ये एक नवी मुलगी आली. कोचीच्या मुलाची ओळखीची. पाचाचे सहा झाले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. शुक्रवारी रात्री मी किचनमध्ये विचारलं, ‘उद्या किती वाजता?’ सगळे एकदम गप्प. मग दिल्लीची म्हणाली, ‘यार, तिकीट पाचांचंच असतं ना...’ कुणी भांडलं नाही, कुणी वाईटही बोललं नाही. सहाव्यासाठी दुसरं तिकीट काढावं लागलं असतं, आणि ते एकटीला परवडण्यातलं नव्हतं. सगळं गणित बरोबर होतं. फक्त त्या गणितात उरलेली बाकी मी होते.

रात्रभर रडले. सकाळी मात्र काय अंगात आलं कोण जाणे, उठले, स्टेशनवर गेले आणि यादीतल्या पुढच्या गावाचं साधं तिकीट काढलं. वायमार. लाइपझिगहून दीडएक तास. आयुष्यात पहिल्यांदा मी फक्त माझ्यासाठी एक तिकीट काढलं होतं. सातारा-पुणे एसटीतसुद्धा मला बसवून द्यायला कुणीतरी यायचंच.

वायमार म्हणजे गटेचं गाव. तोच गटे, ज्यानं १७९१ साली ‘शाकुंतल’चा जर्मन अनुवाद वाचून त्याच्या स्तुतीत चार ओळी लिहिल्या. त्याचं पिवळं घर पाहिलं, बाग पाहिली. सवयीनं मागं वळून ‘ए, फोटो काढ ना’ म्हणायला गेले, तर मागं कुणीच नव्हतं. अकरा वाजले होते. परतीच्या गाडीला अख्खा दिवस बाकी. समोर सहा नंबरची बस उभी होती आणि तिच्यावर पाटी होती, बुखेनवाल्ड.

नाव माहीत होतं. पण हे सगळं इतकं जवळ असेल, याची कल्पना नव्हती. गटे ज्या एटर्सबर्गच्या टेकडीवर फिरायला जायचा, त्याच टेकडीवर १९३७ साली नाझींनी छळछावणी उभारली. ती आणि तिच्या उपछावण्या मिळून सुमारे २ लाख ८० हजार माणसं तिथं डांबली गेली. ५६ हजारांहून जास्त मेली. फाटकावर लोखंडी अक्षरांत लिहिलंय, ‘येडेम डास झायने’, ज्याचं त्याला. ती अक्षरं आतून वाचता येतील अशी बसवलीत. रोज हजेरीला उभ्या राहणाऱ्या कैद्यांनी वाचावीत म्हणून. वरचं घड्याळ सव्वातीनवर थांबवलंय. ११ एप्रिल १९४५ला छावणी मुक्त झाली, ती वेळ.

माझा हात फोनकडे गेला. कॅमेरा चालू केला, फ्रेम धरली. आणि लाज वाटली. पहिल्यांदाच मनात आलं, हा फोटो मी कुणाला दाखवणार आहे, आणि कशासाठी? फोन खिशात टाकला.

हजेरीच्या मोकळ्या मैदानात जमिनीत एक धातूची पाटी बसवलीय. १९९५ साली उभारलेलं स्मारक. पाटीवर तिथं बळी गेलेल्यांच्या देशांची, समूहांची नावं. लोक वाकून तिला हात लावत होते. मीही लावला आणि दचकले. वारा बोचरा होता, आणि पाटी चक्क कोमट. ती बारा महिने ३७ अंशांवर ठेवतात. जिवंत माणसाच्या अंगाइतकी ऊब. भर हिवाळ्यात, बर्फातसुद्धा. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यावर बसले आणि त्यांनीही हात ठेवला. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. बराच वेळ तसेच होतो.

काल रात्री मला वाटत होतं, माझ्याइतकं एकटं जगात कुणी नाही. त्या मैदानात ते दुःख एकदम छोटं झालं असं म्हणणं खोटं ठरेल. तेवढंच राहिलं. पण ते लपवून ठेवायची गरज मात्र संपली.

परतीच्या बसमध्ये आईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. ग्रुपनं वगळलं, लेक्चर कळत नाही, पेपर गंडला, दर आठवड्याला मी मजेचं नाटक करते. आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, ‘मला फोटोत दिसायचं गं. हसतेस, पण डोळे थकलेले असतात. मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल.’ आणि मग हळूच, ‘एकटी गेलीस इतक्या लांब? मी अजून एकटी पुण्यालासुद्धा गेले नाहीये.’

पुढचे तीन वीकेंड मी लाइपझिगमध्येच थांबले. एकाच बेकरीत जायला लागले, तिथल्या काकूंशी मोडक्या जर्मनमध्ये हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले. निकोलाय चर्चच्या अंगणात तासन्‌तास बसले. याच भागातून ९ ऑक्टोबर १९८९ला सुमारे ७० हजार माणसं पूर्व जर्मनीच्या सरकारविरुद्ध शांतपणे चालत निघाली होती. बाहेरच्या पत्रकारांना शहरात मज्जाव होता. तेव्हा दोघा तरुणांनी एका चर्चच्या मनोऱ्यावरून लपून चित्रण केलं, ते चोरून पश्चिमेकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर झळकलं. महिन्याभरात बर्लिनची भिंत कोसळली. मी दुसरा पेपर यावरच लिहिला. लिहिताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. त्या दोघांनी सहा शहरं उरकली नव्हती. ते एका जागी थांबले होते आणि पाहत होते. आज फ्रीलान्स पत्रकार म्हणून मी जे काही करते, त्याची सुरुवात त्या पेपरपासून झाली. मार्क? पहिल्यापेक्षा बरे, एवढंच सांगते!

ग्रुपशी पुढे बोलणं सुरू झालं, जूनमध्ये सगळ्यांनी मिळून वर्ल्डकपही पाहिला. जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर पडली, त्या रात्री आम्ही सहाही जण भाजणीची थालीपिठं खात बसलो. राग असा नव्हताच. फक्त त्यांच्यावर माझा वीकेंड अवलंबून राहिला नाही.

ते पाचांचं तिकीट २०१९मध्ये बंद झालं. २०२३च्या मेपासून तिथं ‘डॉइचलांड-टिकेट’ मिळतं. महिनाभर देशभरातल्या रिजनल गाड्या, आणि तिकीट ज्याचं त्याला, एकट्याचं. सेमेस्टरला निघालेली पोरं टिप्स विचारतात, तेव्हा मी ते तिकीट सांगते आणि वर एक फुकटचा सल्ला देते. एक तरी वीकेंड कुठं जाऊ नका, आणि एक तरी वीकेंड एकटेच जा.

गेल्या दिवाळीत आई साताऱ्याहून एसटीनं एकटी पुण्याला आली. स्वारगेटला उतरल्यावर तिनं पहिल्यांदा मला तिकीट दाखवलं. घडी घालून पर्समध्ये नीट जपून ठेवलेलं.

‘टाकू नकोस हं,’ ती म्हणाली.