चार आण्यांचा सभासद

राजकीय पक्षाची घटना आवडीने वाचणारा मनुष्य आजवर आमच्या पाहण्यात आला नाही. जाहीरनामे लोक वाचतात, निदान चाळतात. पुढाऱ्यांची भाषणे ऐकतात. परंतु 'सभासदत्व', 'वर्गणी', 'गणसंख्या' असल्या मथळ्यांखाली वीस-पंचवीस पानांत छापलेले ते किरटे पुस्तक ज्याच्या घरी सापडेल, तो एक तर पक्षाचा चिटणीस असावा किंवा पक्षातून काढून टाकलेला तरी असावा. आम्ही या दोहोंपैकी कोणीच नाही. आमचा व्यवसाय अध्यापनाचा, आणि तोही इंग्रजी वाङ्मयाच्या. तरीही असली पुस्तके जमविण्याचा नाद आम्हांस जडला आहे, आणि घरच्या मंडळींनी त्या संग्रहास 'रद्दीतली रद्दी' अशी पदवी बहाल केली आहे. तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. मूळ घटना सर्वच पक्षांच्या सारख्या असतात आणि खरोखर कंटाळवाण्या असतात. वाचण्याजोग्या असतात त्या पुढे झालेल्या दुरुस्त्या. कारण दुरुस्ती ही नेहमी कोणत्या तरी भीतीपोटी किंवा आशेपोटी केलेली असते, आणि ती भीती वा आशा कलमाच्या रुक्ष भाषेतूनही दिसल्यावाचून राहत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत झरीस जाण्याचा योग आला. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. कापसाची वेचणी चालू होती, त्यामुळे दिवसा घरी म्हातारी माणसे आणि आमच्यासारखे पाहुणे एवढेच काय ते उरत. आमच्या एका स्नेह्यांचे मामा तेथे राहतात. आम्हीही त्यांना मामाच म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. उभा जन्म शेतकरी कामगार पक्षात गेला. त्या पक्षाच्या रीतीप्रमाणे गावातील जुनी माणसे अजून त्यांना 'भाई' म्हणून हाक मारतात. त्यांचा नातू मात्र दुसऱ्याच एका लहान पक्षाचे तालुक्याचे काम पाहतो. त्या पक्षाने घटनादुरुस्तीचा मसुदा शाखांकडे अभिप्रायार्थ धाडला होता. "सर, तुम्ही भाषेचे माणूस, एवढं जरा बघून द्या," असे म्हणून नातवाने तो ओसरीवर आमच्या हाती ठेवला.

मसुद्यात तीन दुरुस्त्या होत्या. वार्षिक वर्गणी दहा रुपयांची शंभर करावी, ही पहिली. नव्या सभासदास दोन वर्षेपर्यंत पक्षांतर्गत निवडणुकीत मत असू नये, ही दुसरी. तालुका व जिल्हा समित्या आजवर निवडून येत असत. यापुढे त्या प्रदेशाध्यक्षांनी 'पक्षशिस्तीच्या दृष्टीने' नेमाव्यात, ही तिसरी. आम्ही मोठ्याने वाचून दाखविले. मामांनी चष्मा काढून हाती धरला होता. वाचन संपल्यावर ते म्हणाले, "सर, सभासदांची यादी कोणाजवळ राहील, ते ह्याच्यात लिहिलंय का?"

आम्ही मसुदा पुन्हा पाहिला. जुनी घटनाही नातवाने काढून दिली, ती पाहिली. यादीविषयी दोन्हींत अक्षर नव्हते.

"मग बाकीचं नुसतं नटणं आहे," मामा म्हणाले.

हा अभिप्राय आम्हांस प्रथम एकांगी वाटला. परंतु आमच्या संग्रहातील पुस्तके आणि त्यांच्यामागील इतिहास मनात घोळू लागला तसतसे त्यातील मर्म पटत गेले.

सभासद कोणाला म्हणावे, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा गांभीर्याने विचारला तो काँग्रेसने. १९२० च्या नागपूर अधिवेशनात नवी घटना झाली आणि चार आणे देणारा कोणीही सभासद होऊ लागला. चार वर्षांनी बेळगावास स्वतः गांधीजी अध्यक्ष असताना तीच वर्गणी सुताची झाली: दरमहा दोन हजार वार सूत. ज्याला कातणे जमत नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले सूत द्यावे, अशीही मुभा होती; म्हणजे देशभक्ती मुखत्यारामार्फत करण्याची सोय होती म्हणावयाची! सुताची सक्ती वर्षभरही टिकली नाही. १९२५ साली चार आण्यांचा पर्याय परत आला. विनोद सोडून पाहिले तर या प्रयोगात एक मोठा विचार होता: सभासदाने पक्षाला पैसा द्यावा की श्रम द्यावेत, आणि यांपैकी कशाने त्याचा पक्षावर हक्क उत्पन्न होतो? पुढे १९३४ साली गांधीजींनी सभासदत्व सोडले, आणि आपण काँग्रेसचे चार आण्यांचेही सभासद नाही, असे सांगण्यास ते मोकळे झाले. ज्याच्या शब्दावर सारी संस्था चालते तो कोणत्याच कलमाच्या कक्षेत नाही, ही आपल्या पक्षजीवनातील जुनी गोष्ट आहे. गांधीजींच्या ठायी ती त्यागाची होती. पुढे तिचे अनुकरण पुष्कळांनी केले, त्यागाखेरीज.

१९४८ साली काँग्रेसने आणखी एक कलम घातले: ज्या गटाची घटना वेगळी आणि सभासदत्व वेगळे, त्याला काँग्रेसमध्ये जागा नाही. या एका कलमाने महाराष्ट्राच्या राजकारणाला जेवढी कलाटणी दिली तेवढी अनेक निवडणुकांनीही दिली नसेल. समाजवादी मंडळी त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकच्या परिषदेत बाहेर पडली. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी १९४७ साली उभा केलेला शेतकरी कामगार पक्षही त्याच सुमारास निराळा संसार करू लागला. दोनच वर्षांनी, १९५० साली, नाशिक जिल्ह्यातील दाभाडीस या पक्षाने मार्क्सवादी भूमिकेचा प्रबंध स्वीकारला. ही दुरुस्ती ध्येयधोरणाची. परंतु तिने सभासदत्वाचाही प्रश्न उभा केलाच. कालपर्यंत केवळ शेतकरी म्हणून आत आलेल्या मनुष्याने आता काय मानल्यावर आत राहावे? खुद्द मोरे आणि जेधे १९५४ पर्यंत काँग्रेसमध्ये परतले. पक्ष मात्र राहिला, आणि परभणीत तर चांगलाच राहिला. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत परभणीने याच पक्षाचे नारायणराव वाघमारे पाठविले आणि १९७७ साली शेषराव देशमुख. मामांजवळ त्या १९७७ च्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती अजून आहेत. प्रत्येक स्थळप्रतीवर नाव, गाव, वर्गणी आणि सही किंवा अंगठा. दिल्लीस खासदार कोण गेला हे सांगताना त्यांचा स्वर फारसा बदलला नाही. परंतु त्या वर्षी झरीत किती पावत्या फाडल्या, तो आकडा त्यांनी तत्काळ सांगितला.

दार उघडण्यासाठी केलेली दुरुस्ती पाहावयाची तर डॉ. आंबेडकरांकडे जावे लागते. १९४२ साली नागपुरात स्थापन झालेले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन नावाप्रमाणेच अनुसूचित जातींचे होते. सप्टेंबर १९५६ मध्ये ते विसर्जित करून सर्वांस खुला असा रिपब्लिकन पक्ष काढावयाचे ठरले. डिसेंबरात बाबासाहेब गेले, आणि पक्षाची स्थापना त्यांच्या मागे, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरास झाली. नियमाने दार उघडले. दारातून बाहेरचे लोक किती आले हा निराळा प्रश्न. आणि दोन वर्षांत घरातलेच वेगळे झाले. बी. सी. कांबळे यांच्या गटास लोक 'दुरुस्त' रिपब्लिकन म्हणू लागले, तेव्हा दादासाहेब गायकवाडांचा गट ओघानेच 'नादुरुस्त' ठरला! भाषेच्या शिक्षकास हा शब्दांचा खेळ मौजेचा वाटावा. परंतु वाद नुसत्या शब्दांचा नव्हता. एका बाजूस घटनात्मक मार्ग हाच खरा मार्ग मानणारे वकील-पदवीधर होते, तर दुसऱ्या बाजूस १९५९ साली मराठवाडा-खानदेशात भूमिहीनांना घेऊन सत्याग्रहास उतरलेले दादासाहेब. पक्षाची घटना श्रेष्ठ की पक्षाचा मनुष्य, असा तो झगडा. आमचे मत विचाराल तर दोघांनाही एकमेकांची अत्यंत गरज होती, आणि ती भागविणारे कलम कोणास लिहिता आले नाही.

येथवर कायदा दूर होता. १९८९ पासून पक्षाची नोंदणी कायद्याने आली, आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही यांवरील निष्ठेचे कलम प्रत्येक पक्षाच्या घटनेत सक्तीचे झाले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी, ज्यांच्या १९८४ च्या परभणी अधिवेशनाच्या आठवणी या भागात अद्याप निघतात, त्यांनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला. आयुष्यभर सरकारी समाजवादावर कोरडे ओढणाऱ्या या गृहस्थांच्या पक्षालाही ते कलम चुकणार कसे? राज्यसभेत गेल्यावर 'समाजवाद' हा शब्द त्या कायद्यातून वगळण्याचे विधेयक त्यांनी खासगी सभासद म्हणून मांडले. ते अर्थातच बारगळले. समाजवादाविषयी वाचकांचे मत काहीही असो. जे मानत नाही त्यावर सही करावयास लावणे हे शपथेला स्वस्त करणे होय, असे आम्हांस वाटते. शिवाय गंमत अशी की, पक्षाने आपलीच घटना पाळली नाही म्हणून त्याची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार निवडणूक आयोगास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. निष्ठेचे ते कलम पक्षाने घटनेतून गाळले तर मात्र नोंदणी जाऊ शकते. अर्थात कलम कागदावर असले म्हणजे झाले!

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. पक्ष फुटला की चिन्ह कोणाचे, हे आयोग १९६८ च्या चिन्हविषयक आदेशान्वये ठरवतो. आणि १९६९ च्या काँग्रेसफुटीवरील सादिक अली खटल्यात, १९७१ साली, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताची कसोटी मान्य केली. संघटनेतील बहुमत आणि विधिमंडळातील बहुमत, असे तिचे दोन पाय. १९८९ पासून परभणीने ज्या पक्षास पुनःपुन्हा निवडून दिले त्या शिवसेनेवर हा प्रसंग आला, तेव्हा पहिला पाय लंगडा निघाला. पक्षाची १९९९ ची घटना आयोगाच्या दप्तरी होती. २०१८ ची दुरुस्त घटना दप्तरी नाही, असे आयोगाने म्हटले, आणि ती आम्ही सादर केली होती असे एका बाजूने म्हटले. १९९९ साली आयोगाच्या आग्रहावरून आणलेली लोकशाही तत्त्वे २०१८ च्या दुरुस्तीने मागे फिरविली, असाही आयोगाचा ठपका होता. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निर्णय झाला तो विधिमंडळातील बहुमतावर: ५५ आमदारांपैकी ४० एका बाजूस. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभाध्यक्षांनीही १९९९ चीच घटना ग्राह्य धरली.

यात न्याय कोणाच्या बाजूला होता, या वादात आम्ही शिरत नाही. त्यासाठी संध्याकाळच्या वाहिन्या समर्थ आहेत. आम्हांस बोचते ते वेगळेच. लक्षावधी सभासद असलेल्या पक्षाचे भवितव्य ठरताना सभासद मोजलेच गेले नाहीत. मोजले गेले ते आमदार. आयोगास दोष देऊन भागत नाही. निर्विवाद यादी नसेल तर मोजावयाचे काय? हे एका पक्षाचे दुर्दैव नव्हे. आपल्या बहुतेक पक्षांची सभासदयादी हाती धरली तर तीच स्थिती आढळेल. मामांचा प्रश्न तो हाच होता.

मसुद्यावर आम्ही आमचे मत लिहून दिले. दोन वर्षांच्या अटीत आम्हांस गैर दिसले नाही. पक्षांतर्गत निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात ट्रॅक्टर भरून सभासद आणण्याची प्रथा सर्वांस ठाऊक आहे. मुदत एक वर्षाची करावी, एवढेच सुचविले. शंभर रुपयांना मात्र आमचा विरोध होता. कापूस वेचणाऱ्या बाईला शंभराची नोट पक्षाकडे टाकवणार नाही. ती दुसरा कोणी तिच्या वतीने भरील, आणि मग ती सभासद पक्षाची नव्हे, त्या भरणाऱ्याची. समित्या नेमण्याचे तिसरे कलम सरळ गाळावे असे लिहिले. आणि चौथे नवे कलम घातले: तालुक्याची सभासदयादी दरवर्षी सभेत वाचून दाखवावी, व तिची एक प्रत पदाधिकारी नसलेल्या सभासदाजवळ असावी.

या चौथ्या कलमावर नातू बिथरला. "सर, यादी वाचून दाखवली तर दुसऱ्या दिवशी ती समोरच्यांच्या हातात. कोणाचा पोरगा पतसंस्थेत रोजंदारीवर, कोणाचं कर्ज अडकलेलं. नाव फुटलं तर त्यांच्या पोटावर पाय येईल." आम्ही निरुत्तर झालो. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात बसून लिहिलेल्या कलमांत ही अडचण कधी दिसत नाही. मामाही बराच वेळ गप्प होते. १९७७ साली आणीबाणी नुकतीच उठली होती, तेव्हाही नावे देण्यास लोक भीत होते, असे त्यांनी सांगितले. म्हणून गावात आकडा तेवढा जाहीर सांगत, आणि स्थळप्रती तीन घरी वाटून ठेवत. नातवाने हे ऐकून कलम स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिले: सभेत आकडा वाचावा, नावांची यादी तिघांजवळ राहावी, त्यांतील एक बाई असावी, आणि सभासदाने मागितल्यास त्याचे स्वतःचे नाव त्याला दाखवावे. शेवटचे वाक्य आमच्या कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

अकरा सभासदांच्या सह्यांनी तो अभिप्राय परभणीहून स्पीड पोस्टाने गेला. मुदत डिसेंबरअखेरची होती. प्रदेश कार्यालयाचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही.