मागील पानावरून पुढे

वडिलांनी पेढीच्या आठवणी वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. त्यांचे पुस्तक आईच्या हाती लवकर पडावे, म्हणून मी ते वर्डमध्ये मांडू लागलो. परंतु एका प्रकरणाचा शिरोलेख बदलला की सर्वच प्रकरणांवर तेच नाव उमटे. आईच्या माहेराच्या प्रकरणावरही ‘कापडबाजार’!

कंट्रोल, शिफ्ट आणि आठ या कळा एकत्र दाबल्या, तेव्हा एरवी अदृश्य असणारे सेक्शन ब्रेक दिसले आणि कोडे उलगडले. खतावणीत मागील बाकी पुढे ओढावी, तसा नवा विभाग मागच्याचाच शिरोलेख पुढे चालवतो. प्रत्येक विभागात शिरोलेखावर जाऊन ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करावे आणि मगच नाव बदलावे.

आणखी एक ध्यानात ठेवावे. विभागाची मांडणी त्याच्या अखेरच्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. तो निरुपयोगी रेघ समजून पुसला, तर आधीचा मजकूर पुढील विभागाची मांडणी स्वीकारतो. दोन खाती एक होतात.

अशा वह्या आपल्याही कपाटात असतील. त्या वाचून आनंदणारे डोळे घरात आहेत, तोवरच त्यांचे पुस्तक व्हावे.