खापरपणजीची नोंद

माझ्या खापरपणजीबद्दल मला जे कळलं ते दोन ठिकाणांहून. थोडं तहसील कचेरीतल्या दप्तरातून, बाकी सगळं आजीकडून. आजीनंही तिला पाहिलेलं नव्हतं. पण आजीची आतेसासू म्हणजे खापरपणजीची थोरली मुलगी. ऐन तरुणपणी कपाळ पांढरं होऊन ती माहेरी आली ती कायमची. आई गेली तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती, लग्न झालेलं, पण अजून नांदायला जायची होती. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. तिनं ते आजीला सांगितलं आणि आजीनं मला, बहुतेक वेळा शेंगा फोडता फोडता.

आमचं गाव सुप्याच्या बाजूला, पावसाच्या आडोशाचा मुलूख. बाजरी, जोंधळा, हुलगा, मटकी. खापरपणजी या घरात आली ती आठ-नऊ वर्षांची असताना, आणि न्हाण आल्यावर नांदायला लागली. कोंबडा आरवायच्या आत जात्यावर बसायचं. घरात दहा-बारा खाणारी तोंडं, त्यांचं रोजचं पीठ सासू-सुनांनी मिळून काढायचं. मग आडाचं पाणी, शेणघाण, गोवऱ्या, चूल. पाटीत भाकरी घेऊन रानात, तिथं खुरपणी नाहीतर काढणी, आणि येताना डोक्यावर सरपणाचा भारा. कणसं भरली की माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायची. मोट आणि नांगर तेवढे बाप्यांचे. बाकीच्या शेतीत बायकांचा हात नाही असं एक काम सांगा, असं आजी म्हणायची आणि मला ते कधी सांगता आलं नाही.

बियाणं हे खास तिचं काम. खळ्यावर मळणी व्हायच्या आधीच ती चांगली ठसठशीत कणसं वेगळी काढायची, उन्हात वाळवून हातानं चोळायची, दाण्यात चुलीतली राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची आणि तोंड शेणानं लिंपून टाकायची. ते मडकं पेरणीपर्यंत कुणी उघडायचं नाही, उपाशी असलं तरी. सासऱ्यालासुद्धा ते मागायची छाती नव्हती म्हणे.

घरावर सावकाराचं कर्ज होतं, तसं ते गावातल्या बहुतेक घरांवर होतं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकानं लुटली, कर्जरोखे हिसकून जाळले, आणि ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासाच्या पुस्तकात याला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारनं चौकशीला आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जासाठी वेगळा कायदाही केला. आमच्या घरातलं कुणी सुप्याला गेलं होतं का, हे आजी सांगायची नाही. आमचा कागद काही जळला नाही, एवढंच म्हणायची.

दंग्यानंतर पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. १८७६ चा पाऊस मध्येच गेला तो परत आलाच नाही. पुढच्या दीड-दोन वर्षांत जे झालं ते आतेसासूच्या जन्माआधीचं, म्हणजे तिनंही ते आईच्याच तोंडून ऐकलेलं. बैल विकले, जे विकले गेले नाहीत ते मेले. खापरपणजीच्या अंगावर चांदीचे वाळे, गोठ आणि गळ्यात पुतळ्यांची माळ होती. डोरलं तेवढं राहिलं. त्या काळात दख्खनच्या बायकांचे चांदीचे दागिने मुंबईच्या टांकसाळीत वितळायला जात होते, हे मी पुढे वाचलं. तिचे वाळेही त्यातच गेले असणार, असं मी धरून चालतो.

मग ती नवऱ्याबरोबर दुष्काळी कामावर गेली. निरेचा डावा कालवा खोदायला तेव्हाच सुरुवात झाली होती. पुरुषांनी खणायचं, बायकांनी मातीच्या पाट्या वाहायच्या, आणि बायकांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी. जानेवारी १८७७ मध्ये सरकारनं दुष्काळ पाहायला पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलनं ती मजुरीही कापली. दिवसाला एक पौंड धान्य माणसाला पुरतं, असा त्याचा हिशेब. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले.

एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. मी घरच्या तराजूवर तेवढे जोंधळे मोजून घेतले, चक्कीवरून दळून आणले आणि बायकोला भाकरी करायला सांगितलं. हाताएवढ्या पाच झाल्या, पाचवी जरा लहान. मी दिवसभर टेबलाशी बसतो, आणि त्यातल्या तीन एका जेवणात मीच खाल्ल्या असत्या. हा धान्याचा हिशेब पुरुषाच्या अंगाला धरून केलेला. खापरपणजीच्या कडेला तेव्हा अंगावर पिणारं पोर होतं, पहिला मुलगा. तो त्या कामावरच गेला. कशानं गेला हे तिनं कधी सांगितलं नाही, फक्त दूध आटलं होतं एवढं सांगितलं.

त्या कालव्याचं पाणी खाली बारामतीच्या अंगाला गेलं आणि तिकडं ऊस उभा राहिला. आमची जमीन वरच्या अंगाला. आजही जिरायत आहे.

बियाण्याचं मडकं तिनं दुष्काळातही फोडलं नव्हतं. कामावर जाताना ते जमिनीत पुरून गेली होती. परत आल्यावर पहिल्या पावसाला पेरणी झाली ती त्यावरच. आमच्या घरात ही गोष्ट पुरुषही सांगतात, अगदी अभिमानानं.

दुष्काळानंतर थोरली मुलगी झाली. पुढच्या अकरा-बारा वर्षांत आणखी चार बाळंतपणं. शेवटचं श्रावणात, खुरपणीच्या दिवसांत. दुपारपर्यंत ती रानात होती. कळा सुरू झाल्यावर चालत घरी आली, आणि दिवेलागणीला मुलगा झाला. तो माझा पणजोबा. सुईणीनं विळ्यानं नाळ कापली. कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत बाज टाकली, खाली निखाऱ्यांचा शेक. डिंक-खोबऱ्याची ऐपत नव्हती. हळद, गूळ आणि बाजरीची पेज. पाचवीला पाटावरवंटा मांडून सटवाईची पूजा झाली आणि त्याच रात्री तिला हुडहुडी भरली. तापात ती पाणी मागायची, पण बाळंतिणीला गार पाणी द्यायचं नाही असा सासूचा धाक. आतेसासूनं एकदा सगळ्यांचा डोळा चुकवून तिला तांब्याभर पाणी पाजलं होतं. आई मेली ती त्या पाण्यानं, असं पुढे घरातल्यांनी तिला ऐकवलं, आणि म्हातारपणापर्यंत तिच्या मनातून ते गेलं नाही. या एका गोष्टीचा मला आजही संताप येतो.

बाळंतिणीचा ताप हाताच्या आणि हत्याराच्या घाणीतून येतो, हे तोवर माहीत झालेलं होतं. व्हिएन्नातल्या सेमेलवाइसनं १८४७ मध्येच डॉक्टरांना हात धुवायला लावून प्रसूतिगृहातले मृत्यू कितीतरी कमी करून दाखवले होते. मुंबईत कामा हॉस्पिटल १८८६ साली उघडलं. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांचं स्वतःचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. हे सगळं खापरपणजी जायच्या आधीचं. पण आमच्या गावाहून पुणं म्हणजे श्रावणातल्या चिखलात बैलगाडीची दोन दिवसांची वाट, आणि बाळंतिणीला खोलीबाहेर काढायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

बारशाच्या आदल्या दिवशी ती गेली. नवरा हयात, म्हणून हिरवं लुगडं, मळवट आणि भरलेली ओटी. पण बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होते, पोराच्या ओढीनं परत येते, अशी सगळ्यांना धास्ती. म्हणून तिला उचलल्यावर घरापासून मसणवट्यापर्यंत वाटेवर राळे टाकत नेले. एकेक दाणा वेचल्याशिवाय तिला वाट चालता येत नाही, वेचता वेचता उजाडतं, असा समज. उंबऱ्यात खिळा ठोकला. तो खिळा मी लहानपणी पाहिला आहे. घर पाडून नवं बांधलं तेव्हा गेला.

राळ्याचा तो दाणा तिच्याच हातचा, तिनंच निवडून राखेत ठेवलेला. ज्या घरात तिनं वीसेक वर्षं बियाणं राखलं त्या घरानं तिला बाहेर ठेवायला तेच उधळलं, हे मला पचत नाही. पोरीनं मात्र दुसऱ्या दिवशी वाटेवर जाऊन चिमण्यांनी ठेवलेले दाणे वेचून टाकले होते. आईला यायला सोपं पडावं म्हणून. आजी हे सांगताना दर वेळी थांबायची.

पणजोबाला शेजारच्या धनगराच्या घरातल्या ओल्या बाळंतिणीनं पाजलं, आणि वरचं दूध शेळीचं. वर्षाच्या आत खापरपणजोबांनी दुसरं लग्न केलं. सवतीची मुलं म्हणून आजीनं कधी कुणाला वेगळं काढलं नाही, म्हणून मीही त्यात शिरत नाही.

मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी २०२३ मध्ये जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तालुक्यातालुक्याच्या अभिलेख कक्षातली मोडी दप्तरं बाहेर निघाली. आम्हीही अर्ज केला. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असत. मोडी वाचणारे गृहस्थ बोट फिरवत आडव्या रकान्यातून वाचत होते. जन्माच्या पानावर बापाचं नाव, जात कुणबी, मुलगा. पुढे काही पानांवर मृत्यूच्या नोंदी, आणि तिथं ती. तिचं नाव, पुढे ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको, मग नवऱ्याचं नाव. घरात कुणालाच तिचं नाव माहीत नव्हतं. आजी तिला मोठ्या आत्याची आई एवढंच म्हणायची. अळवंतीचं नाव घेऊ नये, म्हणून ते घेणंच बंद झालं असावं. ते छापू नये असं आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी आजही सांगितलं, म्हणून इथं देत नाही. घरात मात्र आता सगळे ते नाव घेतात.

मृत्यूचं कारण लिहिलं होतं, ताप. इलाख्याच्या त्या काळच्या मृत्यूंच्या हिशेबात पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात आणि इतर असे ठरलेले रकाने असत. बाळंतपणाला वेगळा रकाना नव्हता. पाटील-कुलकर्ण्यांना जे खबर देईल ते लिहिलं जाई, आणि हिवतापानं गेलेल्या माणसाच्या शेजारी बाळंतरोगानं गेलेली बाई एकाच शब्दात बसे. त्या पानावर आणखी चार-पाच तरुण बायका तापानं गेलेल्या आहेत. त्यांच्यातल्या किती बाळंतिणी होत्या, ते जन्माची पानं शेजारी ठेवून कुणीतरी पाहायला हवं. मोडी येणाऱ्या मुलांना मी हे आता सांगत असतो.

दाखल्याला पणजोबाच्या जन्माची नोंद पुरली. तिच्या नोंदीची नक्कलही मी मागितली आणि घरी आणली. माझी आतेबहीण आमच्या तालुक्यात आशा सेविका म्हणून काम करते. तिनं कागद वाचला, आजीची हकीकत माझ्याकडून पुन्हा ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, किती बाळंतपणं आणि किती अंतरानं? आम्ही बोटांवर मोजली. दुष्काळात गेलेला मुलगा धरून सहा, जगले तीन.

“ताप तर आलाच होता रे दादा,” ती म्हणाली, “पण त्याआधी तिच्या अंगात रक्त तरी किती उरलं असेल? आमच्याकडं अशी बाई आली की आम्ही तिला सहाव्या महिन्यातच दवाखान्यात नेतो.” मग तिनं त्या नकलेचा मोबाइलवर फोटो काढला. पुढच्या महिन्यात गरोदर बायकांची बैठक आहे, तिथं दाखवते म्हणाली.